एका चाकाला एकच हात

अण्णांना झोपेत सगळं ऐकू येई.

दुपारचं जेवण झालं की कारखान्यामागच्या खोलीत, जुन्या टायरांच्या चळतीला लागून टाकलेल्या खाटेवर ते आडवे होत, आणि डोळा लागला की आवाज एकेक करून घरी परतत. आधी फ्रीव्हीलची टिकटिक. मग घमेल्यातल्या पाण्यात बुडवलेल्या ट्यूबचे बुडबुडे. मग तारेवर नख मारलं की उठणारा तो बारीक, स्वच्छ सूर, ज्याच्या भरवशावर त्यांनी आयुष्यभर चाकं बांधली. सगळ्यात शेवटी, पलीकडच्या खोलीतून, बायकोचा आवाज: चहा निवतोय. बायकोला जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण झोपेतला चहा अजून निवायचाच होता.

जागेपणी यातलं काही नसे. समोर बसून कुणी बोललं की कळे, दार आपटलं की कळे. वरचे बारीक सूर मात्र लग्नघरातून पाहुणे पांगावेत तसे न सांगता निघून गेले होते. ही गोष्ट अण्णांनी कुणाला सांगितली नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची. एखाद्याचं बोलणं निसटलंच तर ते ‘बघू’ म्हणत. ‘बघू’ हा फार गुणी शब्द आहे, तो कुठल्याही प्रश्नाला चालतो. एकदाच तो नडला. सूनबाईने जेवताना "अजून वाढू का?" विचारलं आणि अण्णा म्हणाले, "बघू, पुढच्या आठवड्यात." सगळे हसले, अण्णाही हसले, आणि ते गमतीत बोलले असं ठरून गेलं.

आज स्वप्नात नात तान्ही होती. तिला भिंगरी हे नाव नंतर पडलं, पाय फुटल्यावर. तान्ही असताना ती कुणाच्या मांडीवर झोपत नसे. मग अण्णा, पूर्वी आपल्या पोरांना झोपवत तसंच, चाक बांधायच्या स्टँडखाली तिचं दुपटं अंथरत, एखादं मागचं चाक स्टँडला चढवत आणि हाताने गती देऊन सोडून देत. चाक टिकटिकत फिरे, तारांच्या सावल्या तिच्या अंगावरून सरकत जात, आणि टिकटिक मंदावेपर्यंत पोर गाढ झोपलेली असे. स्वप्नातही ते चाक फिरत होतं. एकेक टिक लांबत चालली होती. पुढची यायचीच होती, तेवढ्यात कुणीतरी खांद्यावर हात ठेवला.

भिंगरी उभी होती. आता अण्णांपेक्षा उंच, घामाने निथळणारी, शर्यतीच्या कपड्यांत, आणि सायकल खांद्यावर. सायकलने तिला घरी आणायचं, तर तिनेच सायकलला आणलं होतं.

"अण्णा," ती त्यांच्या तोंडासमोर वाकून म्हणाली, "मागचं चाक गेलं."

०

कारखाना म्हणायचा एवढंच. एक लांबोडकी खोली, छताला रिमा टांगलेल्या, भिंतीवर नुसत्या फ्रेमी, आणि सगळीकडे ग्रीस आणि नव्या रबराचा वास. इथे येणारी गिऱ्हाइकं आठवडाभर दुसरंच काहीतरी करत. कुणी दात काढत, कुणी टपाल वाटत, एक बाई शाळेत भूगोल शिकवत. सुटीच्या दिवशी मात्र ही सगळी मंडळी छातीवर नंबर लावून एकमेकांना मागे टाकायला निघत. घरात त्यांना ‘रविवारचे वीर’ म्हणत, अर्थात त्यांच्या पाठीमागे.

वीरांची कामं घरात वाटलेली होती. थोरला मुलगा नळ्या कापून, वितळत्या पितळेने झाळून, जोडून फ्रेमी बनवायचा. त्याची बायको, सूनबाई, गिअर, ब्रेक आणि चेन बघायची. धाकटी, म्हणजे थोरल्याची बहीण, गिऱ्हाइकाला सायकलवर बसवून त्याचे गुडघे, कंबर, खांदे मापायची आणि सीट केसभर वर किंवा केसभर खाली करायची. चाकं मात्र अण्णांची. आणि चाकांचा एक नियम होता: एका चाकाला एकच हात. अण्णा म्हणत, प्रत्येक हाताची ओढ वेगळी असते. एकाने आवळलेलं दुसरा सुधारायला गेला की चाकाला कळत नाही कुणाचं ऐकायचं. थोरल्याच्या लग्नाच्या गडबडीत एका वीराचं चाक अर्धवट राहिलं होतं. दुसऱ्या कुणी हात लावला नाही. तो बिचारा मांडवात येऊन, जेवणाकडे दुर्लक्ष करून, अण्णांच्या बोटांकडे बघत बसला होता.

आता भिंगरीचं चाक स्टँडवर होतं आणि भोवती सगळं घर. थोरल्याने बोटाने चाक फिरवलं. रिम डावीउजवीकडे झुलत फिरली. एक तार मधोमध तुटून लोंबत होती.

"आऊट गेलंय," थोरला म्हणाला. ते सगळ्यांना दिसतच होतं, पण कुणीतरी म्हणायला हवं होतं.

"चढावर सीटवरून उठले, जोर लावला," भिंगरी सांगू लागली, "तर मागे टण्ण झालं आणि चाक ब्रेकला घासायला लागलं. त्याआधीच कुरकुरत होतं. मला वाटलं नवीन आहे, बसेल जागेवर."

नवीन होतंच. अण्णांनी ते परवा बांधून पुरं केलं होतं. उद्या सकाळी चढाची शर्यत. भिंगरी पहिल्यांदाच मोठ्यांच्या गटात उतरणार होती, वर्षभर पहाटे उठून तिने तो चढ पाठ केला होता. आणि अण्णा तिला आपणहून म्हणाले होते, "तुझं मागचं चाक मी बांधणार." हल्ली ते असं कुणाला म्हणत नसत.

थोरल्याने भिंतीवरच्या हुकाचं एक काळं, चकचकीत चाक काढलं. मशिनवर बांधलेलं, तयार.

"हे लाव उद्यापुरतं. हलकं आहे, सरळ आहे. शर्यत होऊ दे."

"दादा, ते खाली ठेव," धाकटी म्हणाली.

"मी तुझ्याशी बोलत नाहीये."

"ते तर तू ही चाकं दुकानात आणलीस त्या दिवसापासून बोलत नाहीयेस. म्हणून मी ऐकायचं सोडलेलं नाही."

"मग काय, पोरीला मोडक्या चाकावर पाठवू?"

"अण्णांसमोर ते चाक काढायची काय घाई होती, एवढंच म्हणतेय."

अण्णा आपल्या तिपाईवर बसले होते आणि आळीपाळीने दोघांच्या ओठांकडे बघत होते. मग त्यांनी खिशात हात घातला. त्यांची तारा आवळायची चावी बाहेर आली, बोटांनी झिजून गुळगुळीत झालेली, काळ्या दोरीला बांधलेली. ती त्यांनी टेबलावर ठेवली.

"लावा ते," ते म्हणाले. "माझा हात गेला आता."

अण्णांची चावी एकतर खिशात असे, नाहीतर खिळ्यावर. टेबलावर ती कुणी कधी पाहिली नव्हती. आज ती तशीच राहिली तर परत उचलली जाणार नाही, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं.

०

सूनबाई मात्र मघापासून स्टँडवरच्या चाकाकडे बघत होती.

या घरात ती चाकाच्याच वाटेने आली होती. तेव्हा ती स्वतः शर्यती करायची, आणि अण्णांनी तिचं चाक बांधून देताना एका तारेवर नख मारून म्हटलं होतं, "ऐक. असं वाजतंय तोवर घाबरायचं नाही." मग तिने चाक नेलं, परत आली, परत आली, आणि एके दिवशी राहूनच गेली. थोरला म्हणायचा ती माझ्यासाठी राहिली. ती म्हणायची, हो, तूही होतास.

काल सकाळी चहाची किटली शिटी मारत होती. अण्णा किटलीच्या शेजारी बसून शांतपणे खिडकीबाहेर बघत होते. हे गेल्या हिवाळ्यापासून चाललं होतं. सूनबाई न बोलता उठून गॅस बंद करायची. म्हाताऱ्या माणसाचा मान, तो आपण राखायचा, असं तिने मनाशी धरलं होतं. अण्णा अंघोळीला गेल्यावर ती कारखान्यात आली. स्टँडवर ते चाक कोवळ्या उन्हात उभं होतं. जाता जाता तिने सवयीने तारांवर नख फिरवलं. सगळ्या वाजल्या, एक मात्र बोदी, सूर नसलेली निघाली.

तिची मुलगी त्या चाकावर बसून डोंगर चढणार आणि उतरणार होती.

"अण्णा," ती आता त्यांच्या समोर येऊन उभी राहिली, "चावी उचला. तुमच्या हाताला काही झालेलं नाही. काल सकाळी त्या चाकाला मी हात लावला."

थोरला वळला. "तू?"

"एक तार बोदी वाजत होती. गिअरच्या बाजूची. ती आवळली. मग शेजारची तिच्यापुढे सैल वाटली, म्हणून तीही."

"आणि मग तिच्या शेजारची," थोरला म्हणाला.

"हो."

धाकटीने इथे तोंड सोडायला हवं होतं. नणंदेला इतकी आयती संधी रोज मिळत नाही, आणि एरवी ती वाया घालवणाऱ्यातली ती नव्हती. सूनबाई वाट बघत होती. पण धाकटी तुटलेल्या तारेकडे बघत राहिली आणि तिचे कान लाल झाले.

०

धाकटीला आवाजातलं काही कळत नसे. तिला दिसत असे. माणूस सायकलवर बसला की त्याचा डावा गुडघा जरा बाहेर जातो, उजवा खांदा जरा उचलतो, हे तिला दारातूनच दिसे. काल दुपारी अण्णा केस कापायला गेले होते. ती स्टँडमागून गेली आणि थांबली. चाक गिअरच्या बाजूला कललं होतं. फार नाही, जरासं.

तिला रडू आलं होतं. कान गेले हे तिला ठाऊक होतं. हाक मारली की ते वळत नाहीत, खांद्याला हात लावला की दचकतात, हे ती केव्हापासून बघत होती. पण आता नजरही? लहानपणी याच स्टँडसमोर त्यांच्या गुडघ्यांमध्ये उभं राहून तिने सरळ म्हणजे काय ते पाहिलं होतं. घरात अण्णांची बाजू घेणारी ती एकटी, असा तिचा स्वतःबद्दल समज होता. दादाला हे कळलं तर तो उद्याच स्टँड उचलून मागे टाकेल, असं तिला वाटलं. तिने खिळ्यावरची चावी घेतली.

"मी दुसऱ्या बाजूने ओढलं," ती म्हणाली. "दुपारी. चाक कललं होतं."

"ते माझ्यामुळे कललं होतं, वन्सं," सूनबाई म्हणाली.

"मला काय माहीत? मला वाटलं अण्णांच्या नजरेतून सुटलं."

"म्हणजे मी इकडून ओढलं आणि तुम्ही तिकडून."

"रस्सीखेच," भिंगरी म्हणाली. मग तिने हळूच बापाकडे पाहिलं. थोरला ते तयार चाक अजून हातात धरून उभा होता आणि त्याची नजर जमिनीवर होती. "बाबा?"

थोरला फार बोलणारा माणूस नव्हता. झाळकाम करणाऱ्याचं अर्धं आयुष्य काचेच्या मुखवट्यामागे जातं, तिथे बोलून कुणाला ऐकू जाणार?

"संध्याकाळी," तो म्हणाला.

"काय संध्याकाळी?"

"सैल केलं. दाबून बघितलं तर दोन्हीकडून फार ताणलेलं वाटलं. म्हटलं, अण्णांना आता वाजवून कळत नाही, म्हणून जास्त आवळत असतील. थोडं थोडं सोडलं सगळीकडे."

"तीन तिगाडा काम बिघाडा," भिंगरी म्हणाली, आणि तिला हसू आवरेना. सूनबाईने तिला डोळे वटारले, मग तीही हसली. तयार चाक हातात घेऊन थोरला हसला. भावाबहिणीची नजर किती दिवसांनी एकमेकांना भेटली आणि दोघांनाही अवघडल्यासारखं झालं.

अण्णा हसत नव्हते. ते प्रत्येकाचा चेहरा नीट बघत होते. तिघांचं बोलणं त्यांना अर्धं कळलं होतं, उरलेलं अर्धं चेहऱ्यांवर होतं.

"म्हणजे सगळ्यांना माहीत होतं," ते म्हणाले.

हसू थांबलं.

"कधीपासून?"

"किटलीची शिटी," सूनबाई म्हणाली.

"हाका," धाकटी म्हणाली.

"तुम्ही ‘बघू’ म्हणायला लागलात तेव्हापासून," थोरला म्हणाला. "आधी तुम्ही नेहमी ‘नाही’ म्हणायचात."

अण्णांनी मान खाली घातली. त्यांना राग आला होता आणि लाजही वाटत होती, आणि दोन्हींच्या खाली एक सैल पडल्यासारखं सुख होतं, त्याचा त्यांना फार राग आला. इतके दिवस मूठ आवळून आवळून बोटं दुखली होती, आणि मुठीत काय आहे ते घरभर ठाऊक.

"मी समजत होतो, मी लपवतोय," ते म्हणाले. "लपवत तुम्ही होतात."

"वाईट वाटेल म्हणून, अण्णा."

"वाटलं असतं. दोन दिवस जेवलो नसतो. शिव्या दिल्या असत्या. पण चाक वाचलं असतं ना?" त्यांचा आवाज चढला. आपला आवाज किती चढतो हेही त्यांना हल्ली कळत नसे. "चढाला तुटलं ते बरं. उताराला तुटलं असतं तर कुणाला बोल लावला असता? आपलेच दात, आपलेच ओठ."

सूनबाईने पदरासारखं ओढून घ्यायला काही नव्हतं म्हणून हातातलं ग्रीसचं फडकंच तोंडाला लावलं, आणि गालावर काळा पट्टा उमटला.

"मला तारेचा आवाज येत नाही," अण्णा म्हणाले. त्यांनी ते असं सांगितलं की जणू दुसऱ्या कुणाची बातमी देत होते. "जराही येत नाही. दोन-दोन तारा चिमटीत धरून, बोटांच्या अंदाजाने बांधतो. हे चाक तसंच बांधलं."

"मग मुळात ते बरोबर होतं का?" धाकटीने विचारलं.

"आता कुणाला ठाऊक. मलाही नाही. तुम्ही तिघांनी काही कळायला जागाच ठेवली नाहीत."

भिंगरी पुढे झाली. तिने बापाच्या हातातलं तयार चाक काढून घेतलं आणि परत हुकाला अडकवलं. मग टेबलावरची चावी उचलून अण्णांच्या तळहातावर ठेवली आणि त्यांची बोटं मिटली.

"सगळं सोडा आणि परत बांधा," ती म्हणाली. "मी ऐकते."

"आणि नाही जमलं तर?" थोरल्याने विचारलं.

"तर उद्या मी रस्त्याच्या कडेला केळी खात टाळ्या वाजवीन. पण बांधणार अण्णाच."

"एका चाकाला एकच हात," थोरला म्हणाला. त्याला अडवायचं नव्हतं, पण नियम तोंडात बसलेला होता. "अण्णांचाच नियम आहे."

अण्णांनी चावी बोटांत फिरवली.

"हात एकच राहील," ते म्हणाले. "कानांचं नियमात काही नाही."

०

मग त्या खोलीत फार कमी बोलणं झालं.

अण्णांनी एकेक तार सोडली, सगळं चाक शिथिल पडेपर्यंत, रिम हातात नुसती लटकेपर्यंत. थोरल्याने लांबी मोजून नवी तार कापून दिली आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. सूनबाई चेन रॉकेलमध्ये धुवायला बसली. धाकटीने सीट काढून उगाचच पुसली आणि खुणेवर परत बसवली. उन्हं कलली होती आणि छताला टांगलेल्या रिमांच्या सावल्या जमिनीवरून, अण्णांच्या पायांवरून, हळूहळू पलीकडच्या भिंतीकडे निघाल्या होत्या.

भिंगरी स्टँडशेजारी जमिनीवर बसली होती. तिथे, त्याच फरशीवर, कधीकाळी तिचं दुपटं असे. तिला ते आठवत नव्हतं, पण इथे बसलं की तिचे डोळे जड होत, हे मात्र लहानपणापासूनचं होतं.

आधी ती तार वाजवून ‘सैल’ म्हणे, ‘घट्ट’ म्हणे. अण्णा फिरवत. पण सैल म्हणजे किती सैल? शब्द पुरेनात. एकदा तिने नकळत तारेचा सूर गळ्यातून धरला, पण इतका वर तिचा गळा जाईना, म्हणून तोच सूर खालच्या पट्टीत, तोंड मिटून गुणगुणला.

अण्णांची चावी थांबली.

"परत," ते म्हणाले.

तिने तार वाजवली आणि पुन्हा गुणगुणली, खाली, छातीतून. खालचे सूर अण्णांकडे अजून होते. त्यांचा चेहरा असा झाला की भिंगरीला क्षणभर दुसरीकडे बघावं लागलं.

"पुढची," अण्णा म्हणाले.

मग ते दोघं चाकाभोवती फिरत राहिले, म्हणजे चाक फिरत राहिलं आणि ते बसून राहिले. ती वाजवी, गुणगुणे, अण्णा चावीने पाव आटा फिरवत, ती परत गुणगुणे, थोडं वर. गिअरच्या बाजूच्या तारा एका सुरात येत गेल्या, दुसऱ्या बाजूच्या त्याहून खालच्या एका सुरात. चेन धुता धुता सूनबाईचे हात मंदावले. थोरला कानस हातात घेऊन काहीच घासत नव्हता. खोली अशी झाली होती की कुणी खोकलं असतं तर जाग आल्यासारखं वाटलं असतं.

शेवटच्या फेरीला भिंगरीच्या मनात ती जुनी गोष्ट आली. मागच्या मोसमात, एका वीराचं चाक स्टँडवर असताना, तिने अण्णांना विचारलं होतं, "ही तार बघा, कशी वाजते?" आणि तारेजवळ बोट नेऊन, न लावताच, नख हवेत उडवलं होतं. "छान," अण्णा म्हणाले होते. ती तशीच बाहेर गेली होती आणि अंगणातल्या नळाखाली उगाच हात धूत उभी राहिली होती. तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं. घरातल्या तिघांकडे जेवढं होतं त्याहून जास्त तिच्याकडे होतं, आणि आत्ता सगळे आपापलं सांगून मोकळे झाले तेव्हाही तिला तोंड उघडवलं नव्हतं.

का कोण जाणे, तिने आताही तेच केलं. बोट तारेजवळ नेलं, हवेत नख उडवलं आणि बरोबर सूर गुणगुणली.

अण्णांच्या डाव्या हाताची बोटं रिमवर टेकलेली होती.

"वाजवली नाहीस," ते म्हणाले.

भिंगरीचा चेहरा उतरला.

"मागच्या वेळीही वाजवली नव्हतीस," अण्णा चाकाकडेच बघत म्हणाले. "ऐकू येत नाही मला. दिसतं."

"मग छान का म्हणालात?"

"मी खोटं बोललो ते तुला कळलं होतं. तू कुणाला सांगतेस का, ते बघत होतो."

"नाही सांगितलं."

"माहीत आहे," अण्णा म्हणाले. "म्हणून तर तुझं चाक मागून घेतलं बांधायला. आता नीट वाजव."

तिने वाजवली. डोळ्यांतून पाणी आल्यामुळे गुणगुणताना सूर हलला, आणि अण्णांनी तिला नाक पुसून परत गुणगुणायला लावलं.

०

घरातून निघणारं प्रत्येक चाक आधी समोरच्या गल्लीत एक फेरी मारून येई. मोठ्या रस्त्यापर्यंत जायचं, पेडल थांबवून नुसतं घरंगळत यायचं, आणि दारात उभं राहून अण्णांनी ऐकायचं. ही फेरी वर्षानुवर्षं चालत आली होती. गेल्या काही काळापासून अण्णा दारात उभे राहत, मान हलवत आणि आत जात.

उन्हाचा शेवटचा पट्टा समोरच्या भिंतीच्या वरच्या कडेला उरला होता. भिंगरीने चाक बसवलं, ब्रेक दाबून पाहिला, सायकल दाराबाहेर काढली. सूनबाई आणि धाकटी उंबऱ्याशी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. "वहिनी, गाल," धाकटी म्हणाली आणि आपल्या बाहीने तिच्या गालावरचं ग्रीस आणखी पसरवलं. अण्णा पायरी उतरून गल्लीत आले. थोरला त्यांच्या मागोमाग येऊन बाजूला थांबला.

भिंगरी निघाली. थोडं जोरात, मग पाय थांबवून.

अण्णा तिच्या पाठीकडे बघत होते. सवयीने त्यांनी मान हलवायला सुरुवात केली आणि मध्येच थांबवली. मग ते थोरल्याकडे वळले.

"वाजतंय का?"

थोरल्याला हे त्यांनी आयुष्यात कधी विचारलं नव्हतं. फ्रेम सरळ आहे का, नळी नीट कापली का, असलं सगळं ते स्वतः बघत आणि स्वतःच सांगत.

"वाजतंय, अण्णा."

"कसं?"

थोरल्याने कान दिला. सांगायला त्याच्याकडे शब्द कमी होते, ते त्याने जुळवले. "एकसारखं. टिकटिक मोकळी येतेय. मध्ये कुठे घासत नाही, अडकत नाही. तुम्ही आम्हाला झोपवायचात, तसं."

अण्णांनी डोळे मिटले.

"आता?"

"आता बारीक झालंय. कोपऱ्यावर पोचली."

"आता?"

भिंगरी वळणाआड गेली होती. गल्लीत कुणाच्या तरी घरातल्या भांड्यांचा आवाज होता, मोठ्या रस्त्यावरून एखादी गाडी गेल्यासारखं वाटलं. टिकटिक नव्हती. थोरल्याच्या ओठांवर आलं होतं, येतंय अजून. म्हातारा डोळे मिटून किती खुशीत उभा होता. एवढं म्हणायला काय लागतं? काल संध्याकाळपर्यंत तो तेच करत आला होता.

"गेलं, अण्णा," तो म्हणाला. "आता कुणालाच ऐकू येत नाही."

अण्णांनी डोळे उघडले. थोडा वेळ त्यांनी मुलाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग मान हलवली. चावी त्यांनी खिशात टाकली, आणि दोघंही तसेच गल्लीत, ती परत यायची वाट बघत उभे राहिले.